छोट्या गावात टॅक्स क्रेडिटची घरं: राहायला कोण येतं आणि ते कुठे ठरतं (मुख्यतः न्यू जर्सी)

रारिटनकाठ:
न्यू जर्सीत परवडणाऱ्या घरांची चौथी फेरी, दहा वर्षांची, जुलै २०२५ पासून सुरू झाली. प्रत्येक टाउनशिपला आपापला आकडा (किती परवडणाऱ्या घरांची सोय करायची) मिळाला आणि आठ-दहा हजार वस्तीच्या गावांतही "साठ घरांचा टॅक्स क्रेडिट प्रकल्प" प्लॅनिंग बोर्डाच्या अजेंड्यावर दिसू लागला. आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्यावर तीनच वाक्यं फिरतात: सेक्शन ८ (सरकारी भाडे-व्हाउचरवाले) येणार, शाळा ओसंडणार, घरांचे भाव पडणार.

तिन्हीची उत्तरं आकड्यांत मिळतात, पण ती चर्चेत कुणी देत नाही. या क्षेत्रातली बरीच मंडळी इथे वाचतात म्हणून धागा काढतोय. पैसा कुठून येतो, भाडं कसं ठरतं, घर कुणाला मिळू शकतं, मुलं किती येतात, गावाला काय पडतं, आणि गावकऱ्याने कुठल्या टप्प्यावर बोललं तर उपयोग होतो, एवढंच लिहू. डेमोक्रॅट-रिपब्लिकन काथ्याकूट दुसऱ्या धाग्यावर.

हिशेबनीस:
आधी पैसा. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

१९८६ च्या कर-सुधारणा कायद्याने इन्कम टॅक्स कोडात सेक्शन ४२ आणलं. सरकार इथे घर बांधत नाही आणि भाडेकरूच्या हातात पैसेही देत नाही. घराच्या मालकाला दहा वर्षं फेडरल करात थेट वजावट मिळते. राज्यांना लोकसंख्येनुसार कोटा मिळतो (२०२५ साली माणशी ३ डॉलर, आणि २०२६ पासून या वाटपात कायमची १२ टक्के वाढ). राज्याची गृहवित्त संस्था, म्हणजे जर्सीत एचएमएफए, तो गुणांच्या स्पर्धेने वाटते. हा '९ टक्केवाला' (दरवर्षी पात्र खर्चाच्या सुमारे ९ टक्के क्रेडिट).

'४ टक्केवाल्या'त कोट्याची स्पर्धा नाही, पण प्रकल्पाच्या खर्चाचा ठराविक भाग करमुक्त बॉन्डमधून यावा लागतो. ती अट ५० टक्के होती. २०२५ च्या कायद्याने २०२६ पासूनच्या बॉन्डसाठी ती २५ वर आली. एवढ्या एका बदलाने ४ टक्केवाले प्रकल्प वाढतील असं मला वाटतं.

उदाहरण घेऊ, आकडे हिशेबापुरते. साठ घरं, एकूण खर्च १ कोटी ८० लाख डॉलर. त्यातून जमीन वजा, राखीव निधी वजा, कायम कर्जाची फी वजा, कारण यांच्यावर क्रेडिट मिळत नाही. समजा १ कोटी ५० लाख उरले. सगळी साठ घरं परवडणारी, म्हणून पूर्ण रक्कम धरली जाते.
९ टक्के: वर्षाला १३.५ लाख, दहा वर्षांत १ कोटी ३५ लाखांचं क्रेडिट.
४ टक्के: वर्षाला ६ लाख, दहा वर्षांत ६० लाख.

डेव्हलपरला स्वतःला इतका कर भरायचाच नसतो. म्हणून भागीदारी संस्था काढून तिचा ९९.९९ टक्के हिस्सा गुंतवणूकदाराला देतात आणि गुंतवणूकदार क्रेडिटच्या बदल्यात आज रोख भांडवल घालतो. डॉलरमागे ८५ सेंट धरले तर पहिल्या प्रकारात १ कोटी १४ लाख ७५ हजार मिळतात, दुसऱ्यात ५१ लाख. दुसऱ्या प्रकारात उरलेले १ कोटी २९ लाख कर्ज, राज्याचा निधी, काउंटीचा निधी, डेव्हलपरची लांबवलेली फी अशा चार-पाच ठिकाणांहून जुळवावे लागतात. एक जरी मागे सरला की प्रकल्प वर्षभर लोंबकळतो. "मंजुरी मिळून दोन वर्षं झाली, जागेवर अजून गवतच" याचं कारण बहुतेक वेळा हेच.

गुंतवणूकदार बहुतेक बँका असतात, कारण कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याखाली (बँकांनी गरीब वस्त्यांनाही सेवा द्यावी असा कायदा) ही गुंतवणूक त्यांच्या बाजूने मोजली जाते. आणि क्रेडिटचा भाव कंपनी कराच्या दराशी बांधलेला असतो. २०१६ च्या निवडणुकीनंतर कर उतरणार हे दिसताच भाव घसरला आणि बरेच जुळवलेले प्रकल्प विस्कटले.

मोसम_बदल:
मग भाडं भाडेकरूच्या पगाराच्या ३० टक्के, असंच ना? पगार गेला की भाडं शून्य, आणि बाकीचं आपण भरायचं.

फाइलवाल्या_बाई:
नाही. हा सगळ्यात मोठा गोंधळ आहे, जरा सविस्तर लिहिते.

पगाराच्या ३० टक्के हा सेक्शन ८ व्हाउचरचा आणि पब्लिक हाउसिंगचा नियम. सेक्शन ४२ मध्ये भाडं *घराला* चिकटलेलं असतं, माणसाला नाही. कसं काढतात पाहा. हड (फेडरल गृहखातं) दरवर्षी काउंटी किंवा महानगर क्षेत्राचं मध्यम उत्पन्न जाहीर करतं. समजा चौघांच्या कुटुंबाचं १,००,००० डॉलर आहे. ६० टक्के पातळी म्हणजे ६०,०००. माणसं कमी-जास्त झाली की मर्यादा बदलते: एकाला ७० टक्के, दोघांना ८०, तिघांना ९०, पाच जणांना १०८. भाड्यासाठी दर बेडरूमला दीड माणूस धरतात.

दोन बेडरूम = ३ माणसं = ५४,००० वार्षिक. त्याचे ३० टक्के, भागिले १२ = महिना १,३५०.
एक बेडरूम = दीड माणूस, म्हणजे ४२,००० आणि ४८,००० ची सरासरी = १,१२५.
तीन बेडरूम = साडेचार माणसं = १,५६०.

यातून वीज-गॅस-पाण्याचा ठरवलेला भत्ता वजा. दोन बेडरूमसाठी तो १२० असेल तर प्रत्यक्ष मागता येणारं जास्तीत जास्त भाडं १,२३०. भाडेकरूचा पगार ४८,००० असो की ३०,०००, भाडं तेच. ३०,००० वाल्याची निम्मी कमाई त्यात जाते. म्हणजे ही घरं सगळ्यात गरिबासाठी नाहीतच, जोवर हातात व्हाउचर नाही किंवा ते घर ३० टक्के पातळीचं ठेवलेलं नाही.

नोकरी गेली आणि भाडं थकलं की इतर कुठल्याही अपार्टमेंटसारखंच कोर्ट. उलट बाजूही सांगते: राहायला आल्यावर पगार वाढला म्हणून घर सोडावं लागत नाही. सगळीच घरं क्रेडिटवाली असतील तर दरवर्षी उत्पन्न तपासण्याची फेडरल सक्तीही २००८ पासून नाही. मिश्र इमारतीत पगार मर्यादेच्या १४० टक्क्यांवर गेला तर पुढचं रिकामं होणारं तेवढंच किंवा लहान घर पात्र कुटुंबाला द्यायचं, एवढंच.

मोसम_बदल:
बरं. पण सेक्शन ८ तर येऊ शकतात ना?

फाइलवाल्या_बाई:
येऊ शकतात. व्हाउचर आहे एवढ्या कारणावरून क्रेडिटवाल्या घरमालकाला नकार देता येत नाही. पण जर्सीत हे *कुठल्याच* घरमालकाला करता येत नाही, कारण राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात उत्पन्नाचा स्रोत संरक्षित आहे. तुमच्या शेजारच्या ग्रॅनाइट काउंटरटॉपवाल्या लक्झरी कॉम्प्लेक्सलाही हेच लागू. फरक एवढाच की तिथलं भाडं व्हाउचरच्या कमाल रकमेबाहेर जातं.

पुण्याहून_एडिसन:
अवांतर वाटेल, पण बऱ्याच जणांचा प्रश्न आहे. ग्रीन कार्डवर आलेले आईवडील सीनियर हाउसिंगला अर्ज करू शकतात का? पुण्यात फ्लॅट आहे, तो सांगायचा का? आणि एमएस करणाऱ्या मुलांना ही घरं मिळतात का?

फाइलवाल्या_बाई:
अवांतर नाही, लोकसंख्या कशी बनते ते इथेच कळतं.

पुण्याचा फ्लॅट सांगायचाच. परदेशातली मालमत्ता मालमत्ताच. सेक्शन ४२ मध्ये मालमत्तेला कमाल मर्यादा नाही, ती उत्पन्न काढण्यासाठी मोजतात. फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते उत्पन्न. येत नसेल आणि एकूण मालमत्ता ठराविक रकमेवर असेल (नव्या नियमात ५०,००० डॉलर, महागाईनुसार वाढणारी), तर हडच्या दराने काल्पनिक उत्पन्न धरतात. तो दर इतका कमी असतो की साधा फ्लॅट असलेली जोडपी सहसा बसतात. दडवला आणि नंतर निघाला तर मात्र खोट्या माहितीवर घर जातं. बँकेतल्या मुदतठेवींचे दाखले, पेन्शनचं पत्र, भारतातल्या भाडेकराराचं इंग्रजी भाषांतर आधी जमवा. पडताळणीची कागदपत्रं १२० दिवसांत शिळी होतात आणि अर्ज तिथेच अडकतात.

नागरिकत्वाची अट सेक्शन ४२ मध्ये नाही. व्हाउचरला आहे. प्रकल्पात दुसरा फेडरल निधी असेल तर त्याच्या अटी वेगळ्या.

विद्यार्थी: घरातले *सगळे* पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घर मिळत नाही. वर्षातल्या कुठल्याही पाच महिन्यांत पूर्णवेळ शिकला तरी तो त्या वर्षाचा विद्यार्थी. म्हणजे तीन एमएसवाले रूममेट बाद. एक जण पूर्णवेळ विद्यार्थी नसेल, नोकरीला असेल, तर चालतं. इथे शाळकरी मुलंही विद्यार्थी धरतात. म्हणूनच कॉलेजात शिकणाऱ्या एकट्या आईसाठी वेगळा अपवाद आहे, शिवाय एकत्र रिटर्न भरणारं जोडपं, रोख सरकारी साहाय्य घेणारे, सरकारी प्रशिक्षणातले आणि पूर्वी फॉस्टर केअरमध्ये असलेले. एकूण पाच.

रारिटनकाठ:
बाई, हे एवढं काटेकोर का? साध्या अपार्टमेंटला कुणी इतकं विचारत नाही.

हिशेबनीस:
त्यांच्याऐवजी मी सांगतो. क्रेडिट दहा वर्षांत घेऊन होतं, पण आयआरएसच्या (फेडरल करखात्याच्या) धाकाने अटी पंधरा वर्षं पाळायच्या असतात. मध्ये अपात्र कुटुंब राहतंय असं निघालं की राज्य आयआरएसला ८८२३ फॉर्म पाठवतं, त्या घरापुरतं क्रेडिट थांबतं आणि आधी घेतलेल्यातलाही काही भाग व्याजासह परत मागितला जाऊ शकतो. तो फटका ९९.९९ टक्केवाल्या बँकेला बसतो. बँक डेव्हलपरला धरते, डेव्हलपर मॅनेजमेंट कंपनीला.

अजून एक, सहसा लक्षात न येणारं. पहिल्या वर्षअखेरीस जी घरं पात्र भाडेकरूंनी भरलेली नसतील ती नंतर भरली तरी त्यांच्यावर दोन-तृतीयांश दरानेच क्रेडिट मिळतं. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत व्यवस्थापनाला घाई असते. लॉटरीत पुढचा नंबर असूनही कागद अपुरे असलेला मागे पडतो, सरळ डब्ल्यू-२ (पगारपत्रकावरची) नोकरी असलेला आधी आत जातो. रोखीवर काम करणारे, तीन ठिकाणी अर्धवेळ राबणारे इथेच गळतात. "गरीब कोण" यापेक्षा "कागद कुणाकडे" याने पहिली वस्ती ठरते, हे कटू पण खरं आहे.

नकाशेवाला:
आता गावाच्या बाजूने. मुळात हे आलं कुठून? माउंट लॉरेल टाउनशिपवरचा खटला, झोनिंगने (कुठे काय बांधायचं याच्या नियमांनी) स्वस्त घरं अडवल्याबद्दलचा. १९७५ आणि १९८३ चे राज्य सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, १९८५ चा कायदा, मग वर्षानुवर्षं बंद पडलेली नियामक परिषद, २०१५ पासून कोर्ट, आणि मार्च २०२४ चा नवा कायदा. आकडा सूत्राने निघतो: विभागातल्या दहा वर्षांच्या कुटुंबवाढीच्या ४० टक्के ही कमी-मध्यम उत्पन्नाची गरज धरायची आणि ती गावांत वाटायची, तीन निकषांवर: व्यापारी मालमत्तेतली वाढ, गावाचं उत्पन्न आणि मोकळी जमीन. गोदामं आणि ऑफिस पार्क आणून कर कमावला त्या गावाचा आकडा मोठा. मला हे न्याय्य वाटतं.

छोट्या गावाने साठ परवडणाऱ्या घरांचं उत्तरदायित्व दोन प्रकारे भागवता येतं.

एक: खासगी बिल्डरला दाट बांधकामाची परवानगी द्यायची, त्याने २० टक्के घरं परवडणारी ठेवायची. साठ हवी असतील तर एकूण *तीनशे* बांधावी लागतात.
दोन: गावाने जमीन द्यायची किंवा मिळवायची आणि शंभर टक्के परवडणारा टॅक्स क्रेडिट प्रकल्प आणायचा. साठच्या साठ.

नऊ हजार वस्तीच्या गावात लोकसंख्या, वाहतूक, सांडपाणी, शाळा बदलतं ते मुख्यतः पहिल्या मार्गाच्या दोनशे चाळीस बाजारभावी घरांनी. तरी सभांमध्ये आरडाओरडा दुसऱ्या मार्गावरच होतो. लोकांना गर्दी नको असेल तर टॅक्स क्रेडिटला विरोध करणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

शंकासुर:
मग सगळी साठ घरं ज्येष्ठांसाठी करा की. शाळेचा प्रश्नच मिटला.

नकाशेवाला:
सगळीच गावं हे सुचवतात, म्हणूनच कायद्यात पाचर आहे. गावाच्या आकड्यातली ३० टक्क्यांपेक्षा जास्त घरं वयाच्या अटीची चालत नाहीत, निम्मी तरी मुलं असलेल्या कुटुंबांना खुली हवीत आणि चौथा हिस्सा तरी भाड्याची. फेडरल बाजूला, मुलं असलेल्या कुटुंबाला नाकारणं हा भेदभाव आहे. मुख्य अपवाद दोन: सगळे रहिवासी ६२ किंवा त्याहून मोठे, किंवा ८० टक्के घरांत निदान एक जण ५५ किंवा त्याहून मोठा.

"आमच्याच गावच्यांना आधी" हेही जसंच्या तसं चालत नाही. ज्या गावात मुळात एकाच वंशाची वस्ती आहे तिथे गावाचा प्राधान्यक्रम म्हणजे तीच वस्ती पुन्हा छापणं. टेक्सासच्या गृहखात्याविरुद्धचा २०१५ चा निकाल टॅक्स क्रेडिटच्या वाटपावरूनच झाला होता, आणि हेतू नसला तरी परिणामाने भेदभाव सिद्ध होऊ शकतो हे सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केलं. जर्सीत विभागाचं प्राधान्य चालतं. उदाहरणार्थ मिडलसेक्स, सॉमरसेट आणि हंटरडन या तीन काउंट्यांत राहणारे *किंवा काम करणारे*. गावातल्या नर्सिंग होममधल्या मदतनीस, किराणा दुकानातले, शाळेच्या बसचे ड्रायव्हर असे त्यात बसतात.

आता मूळ प्रश्न. कोण राहायला येणार हे चार गोष्टींत ठरतं: बेडरूमचं प्रमाण, वयाची अट, किती घरं ३०, ५० आणि ६० टक्क्यांच्या पातळीवर, आणि जाहिरात कुठे व कुठल्या भाषांत. चारही गोष्टी एचएमएफएच्या अर्जात लिहिलेल्या असतात. तो अर्ज मागवा. एक बेडरूम २० टक्क्यांहून जास्त नको, दोन बेडरूम निदान ३०, तीन बेडरूम निदान २०, हे फॅमिली घरांचं जर्सीतलं नेहमीचं प्रमाण. पण टॅक्स क्रेडिट प्रकल्पाला राज्याच्या स्वतंत्र अटी लागतात, म्हणून ठोकताळ्यावर न जाता अर्जातलाच तक्ता वाचा.

शंकासुर:
मुलांचा आकडा द्या हो. बोर्डाच्या मीटिंगमध्ये एक जण २०० म्हणतो, डेव्हलपर १२ म्हणतो.

नकाशेवाला:
दोघेही सोयीचं बोलतात. पद्धत अशी: बेडरूमनिहाय घरं गुणिले दर घरामागे शाळकरी मुलं. साठ घरं १२, ३३, १५ अशी धरू. गुणक *गृहीत* धरतो: ०.१, ०.५, १.२. म्हणजे १.२ + १६.५ + १८ = सुमारे ३६ मुलं. केजी ते बारावी १३ इयत्ता, म्हणजे इयत्तेमागे तीनाच्या आत. एका इयत्तेचे चार वर्ग असतील तर वर्गामागे एकही नाही. तीच मुलं एका वर्षी एकदम केजी-पहिलीत आली तर मात्र एक वर्ग वाढू शकतो, म्हणून सरासरीवर थांबू नका.

गुणकावर सगळं अवलंबून, म्हणून तो कुठून घेतला ते विचारा. डेव्हलपरचे सल्लागार बाजारभावी अपार्टमेंटचा गुणक लावतात. तो कमी असतो, कारण तिथे तरुण जोडपी आणि एकटे लोक जास्त. परवडणाऱ्या फॅमिली घरांत मुलं जास्तच असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. उत्तम उपाय: शेजारच्या गावात सात-आठ वर्षं जुना असा प्रकल्प शोधायचा, त्या पत्त्यावर किती विद्यार्थी नोंदले आहेत ते स्कूल डिस्ट्रिक्टकडून ओपन पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली मागायचं (नावं नकोत, फक्त संख्या) आणि घरांच्या संख्येने भागायचं. शिवाय येणाऱ्यांतली काही मुलं आधीच त्याच डिस्ट्रिक्टमध्ये, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये राहून शिकत असतात. ती वजा.

हिशेबनीस:
आणि शाळेचा खरा प्रश्न मुलांच्या संख्येत नाही, पायलटमध्ये आहे (पेमेंट इन ल्यू ऑफ टॅक्सेस, म्हणजे मालमत्ता कराऐवजी ठरवून घेतलेली रक्कम). यावर कुणी बोलत नाही.

भाडी कमी, म्हणून पूर्ण मालमत्ता कर भरला तर प्रकल्प उभाच राहत नाही. त्यामुळे गाव ठराव करून कराऐवजी भाड्याच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का घेतं. हे पैसे नगरपालिकेकडे जातात. स्कूल डिस्ट्रिक्टला आपोआप वाटा मिळत नाही. डिस्ट्रिक्ट आपली लेव्ही (शाळेसाठीचा कर) उरलेल्या करपात्र मालमत्तांवर वसूल करतं, आणि लेव्हीच्या वाढीला काही सवलती सोडल्या तर २ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे मुलं वाढली तरी वसुली त्याच वेगाने वाढेलच असं नाही. नगरपालिकेने पायलटमधला हिस्सा करार करून शाळेला द्यावा, ही मागणी करता येते आणि रास्त आहे. ती ठराव होण्याआधी करायची. ठराव झाल्यावर तुमच्या हातात काही नाही.

मोसम_बदल:
आणि घरांचे भाव? आयुष्यभराची कमाई त्यात आहे लोकांची.

नकाशेवाला:
माउंट लॉरेलमध्येच पाहू. खटल्याच्या मुख्य फिर्यादी एथेल लॉरेन्स यांच्या नावाची १४० घरं तिथे टॅक्स क्रेडिटवर उभी राहिली, पहिली कुटुंबं २००० च्या सुमारास आली. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या तशाच टाउनशिपांशी तुलना केली. गुन्हे, घरांच्या किमती, कर, तिन्हींवर परिणाम आढळला नाही.

हिशेबनीस:
अर्धीच बाजू झाली. स्टॅनफर्डच्या डायमंड आणि मॅकक्वेड यांनी देशभरातल्या प्रकल्पांवर अभ्यास केला. गरीब वस्तीत प्रकल्प आला तर दशांश मैलाच्या आतल्या घरांचे भाव ६.५ टक्के *वाढले*, गुन्हे कमी झाले. जास्त उत्पन्नाच्या आणि मुख्यतः गोऱ्या वस्तीत मात्र भाव सुमारे २.५ टक्के उतरले. दशांश मैल म्हणजे पाचशे फूट. अख्ख्या गावाचे भाव पडतात हे खोटं. लगतच्या दोन गल्ल्यांना काहीच होत नाही हेही ठामपणे सांगता येत नाही.

नकाशेवाला:
मान्य. म्हणूनच जागा कुठली हा वैध मुद्दा आहे, फक्त तो नियोजनाच्या भाषेत मांडावा: फुटपाथ, बस, सांडपाण्याची क्षमता, पूररेषा. हायवेच्या कडेला, किराणा दुकानापासून तीन मैल, फुटपाथ नसलेला कोपरा गावं हमखास सुचवतात. मग दर घराला दोन गाड्या येतात आणि आपणच पार्किंगची तक्रार करतो.

मक्याचं_शेत:
जर्सीबाहेरून. आयोवा, नेब्रास्का इथल्या तीन-चार हजार वस्तीच्या गावांत प्रश्न उलटा आहे, गावं म्हातारी आणि रिकामी होत आहेत. मांस प्रक्रिया कारखान्याला कामगार हवेत, घरं नाहीत. पण इथे टॅक्स क्रेडिट अडखळतं.

कारण एक: काउंटीचं मध्यम उत्पन्नच कमी, म्हणून कायदेशीर कमाल भाडं आणि बाजारभाव जवळजवळ सारखे. बांधकाम खर्च मात्र शहराएवढाच, सिमेंट स्वस्त मिळत नाही. २००८ पासून ग्रामीण ९ टक्के प्रकल्पाला स्थानिक किंवा राष्ट्रीय बिगर-महानगर मध्यम उत्पन्न, यातलं जास्त असेल ते वापरता येतं. बॉन्डवाल्या ४ टक्के प्रकल्पाला ही सवलत नाही.
कारण दोन: वकील, ऑडिट, मार्केट स्टडी, गुंतवणूकदाराची छाननी हा खर्च वीस घरांना आणि शंभर घरांना जवळपास तेवढाच. वीस घरांचा प्रकल्प त्याखालीच दबतो. काही राज्यं ग्रामीण भागासाठी कोटा राखून ठेवतात, तो नसेल तर स्पर्धेत टिकणं अवघड.
कारण तीन: कृषी खात्याची जुनी सेक्शन ५१५ ची घरं. तिथे सेक्शन ५२१ चं भाडेसाहाय्य कर्जाशी जोडलेलं असतं. कर्ज फिटलं की साधारणपणे साहाय्यही जातं. बऱ्याच गावांत नवं बांधण्यापेक्षा हीच घरं ४ टक्के क्रेडिटवर दुरुस्त करणं शहाणपणाचं, आणि इथल्या रहिवाशांत एकट्या वृद्ध बायका बऱ्याच आहेत.

रारिटनकाठ:
आपल्या गावाचे आकडे स्वतः काढायचे तर कुठून? प्रत्येक बाजूचा सल्लागार वेगळंच काहीतरी दाखवतो.

नकाशेवाला:
data.census.gov वर गावाचं नाव टाका. तक्ता बी०१००१ वय आणि लिंग, बी२५०७० उत्पन्नाच्या किती टक्के भाड्यात जातात. ६५ हजारांखालच्या गावाला या तक्त्यांचा एका वर्षाचा सर्व्हे मिळत नाही, पाच वर्षांचा एकत्र घ्यावा लागतो. शेजारच्या 'मार्जिन ऑफ एरर'कडे लक्ष द्या. "पाच वर्षांखालील मुलं ४१० ± १५०" असं असेल तर १५० ला १.६४५ ने भागा, ९१ येतात, ही त्या आकड्याची प्रमाणित चूक. ४१० च्या २२ टक्के. एवढ्या डळमळीत आकड्यावर "मुलं ८ टक्क्यांनी घटली" असं विधान करता येत नाही, तरी निम्म्या अहवालांत असतं. दोन पाच-वर्षी संचांची वर्षं एकमेकांवर चढत असतील तर तुलना करू नका.

दुसरं, सेन्सस ब्युरोचंच 'ऑन द मॅप'. गावात काम करणारे किती, त्यातले गावात राहणारे किती, हे एका नकाशात दिसतं. छोट्या उपनगरांत बहुतेक कामगार बाहेरून येतात. प्रकल्पाची गरज त्या चित्राने पटते, भाषणाने नाही.

शंकासुर:
आणि विरोध करायचाच असेल तर? गावाने नाही म्हटलं की प्रकल्प रद्द होतो ना?

हिशेबनीस:
नाही. सेक्शन ४२ प्रमाणे राज्याने गावाच्या प्रमुखाला कळवून मत मांडायला वाजवी संधी द्यायची, इतकंच. गावाची मंजुरी ही कायद्याची अट नाही, हे आयआरएसने २०१६ साली लेखी स्पष्ट केलं. गावाकडे झोनिंग आणि पायलटचा ठराव आहे. पण जर्सीत आकडा न भागवता झोनिंग अडवून धरलं तर बिल्डर कोर्टात जाऊन स्वतःच्या पसंतीचं दाट बांधकाम पदरात पाडून घेऊ शकतो. म्हणजे मग तीनशे घरं.

उपयोगी पडेल अशा ठिकाणी बोला:
एचएमएफएची क्रेडिट वाटपाची नियमावली मसुदा असताना तिच्यावर जाहीर सुनावणी होते. गुण कशाला मिळतात ते तिथे ठरतं. तिथे जवळजवळ कुणी जात नाही.
पायलट ठरावाच्या आधी: शाळेचा हिस्सा, कराराची मुदत, दरवर्षीचा लेखापरीक्षित हिशेब गावाला.
साइट प्लॅनच्या वेळी: मुलांना खेळायला जागा, बस थांबा, कचऱ्याच्या कोठीची जागा, राहता व्यवस्थापक की आठवड्यातून दोनदा येणारा. प्रकल्प दहाव्या वर्षी कसा दिसेल ते या शेवटच्या प्रश्नावर आणि दर घरामागे दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला टाकायच्या रकमेवर ठरतं.
आणि डीड, म्हणजे घरं किती वर्षं परवडणारीच ठेवायची ते बांधणारा दस्त. फेडरल किमान ३० वर्षं, जर्सीत २०२४ च्या कायद्याने नव्या भाड्याच्या घरांना ४०. फेडरल नियमात चौदाव्या वर्षानंतर 'क्वालिफाइड कॉन्ट्रॅक्ट'ची पळवाट आहे: मालक राज्याला गिऱ्हाईक शोधायला सांगतो, वर्षात मिळालं नाही की बंधनं सुटतात, भाडेकरूंना तीन वर्षांचं संरक्षण उरतं. हा हक्क सोडल्याचं डीडमध्ये लेखी आहे का, ते तपासा. नसेल तर गावाने मोजलेली साठ घरं मध्येच हातची जाऊ शकतात.

पुण्याहून_एडिसन:
एक राहिलं. सीनियरच्या वेटिंग लिस्टवर नाव घातल्यावर पत्ता बदलला तर?

फाइलवाल्या_बाई:
लेखी कळवा आणि पोच घ्या. यादी अद्ययावत करताना व्यवस्थापन पत्र किंवा ईमेल पाठवतं, मुदतीत उत्तर आलं नाही की नाव काढतात. आईवडील भारतात गेलेले असताना हे हमखास होतं, म्हणून अर्जात दुसरा संपर्क म्हणून मुलाचा किंवा मुलीचा ईमेल द्या. एका प्रकल्पाच्या यादीवर नाव असलं तरी दुसऱ्यावर घालता येतं, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. जर्सीतल्या बऱ्याचशा जाहिराती राज्याच्या हाउसिंग रिसोर्स सेंटरच्या संकेतस्थळावर येतात, तिथे काउंटी निवडून पाहत राहा.